दवाखान्यातल्या रखमाबाई

रखमाबाई हे नाव घेतलं की बहुतेकींना आठवतो तो खटला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, हवं तर तुरुंगात टाका, असं मुंबईच्या हायकोर्टात सांगणारी बावीस वर्षांची मुलगी. त्या खटल्यावर पुस्तकं निघाली, २०१६ साली सिनेमाही आला. खटला चालला चार वर्षं. त्यानंतर रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि जवळजवळ पस्तीस वर्षं बायकांच्या इस्पितळात राबल्या. पण त्यांच्यावरच्या लेखात ही पस्तीस वर्षं बहुधा शेवटच्या चार ओळींत उरकलेली असतात. आज आपण जरा उलटं करूया. कोर्टात थोडंच थांबू आणि दवाखान्यात जास्त वेळ बसू.

पण सुरुवात घरापासूनच करायला हवी. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला, सुतार समाजातला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. या आईची हकिगत ऐकली की पुढचं सगळं उलगडतं. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी मूल आणि सतराव्या वर्षी वैधव्य! आज ज्या वयात मुली अकरावी-बारावीच्या क्लासला जातात, त्या वयात जयंतीबाईंचा संसार सुरू होऊन संपलासुद्धा होता. पदरात अडीच वर्षांची रखमा. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. सहा-एक वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत या विधुर गृहस्थांशी लग्न केलं. लग्नाआधी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावावर करून टाकली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं महत्त्व कळेल.

सखाराम अर्जुन हे मुंबईतलं मोठं नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे तिथेच शिकवणारे, वनस्पतींचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली तेव्हा संस्थापकांत दोनच भारतीय होते, त्यांपैकी एक हे. आपल्या दृष्टीनं त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तकं लिहिली, त्यात गर्भारपण आणि बाळंतपण हा विषयही होता. १८७०च्या सुमाराला बाळंतपणावर मराठीत, तेही शास्त्रीय लिहायचं म्हणजे काय, कल्पना करा. तो विषय सुईणीचा आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा. पुरुषांनी त्यात तोंड घालायचं नाही, आणि बायकांना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा माणसाच्या घरात रखमा वाढली. सावत्र वडील हा शब्द आपल्याकडे फार वाईट अर्थानं वापरला जातो, पण या सावत्र वडिलांनी मुलीसाठी जे केलं ते सख्ख्यांनीही क्वचितच केलं असतं.

तरीही लग्न मात्र अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस. दादाजीनं सासरी राहायचं, शिकायचं, चार माणसांत नाव काढायचं असं ठरलं होतं. त्याला शिक्षणाची गोडी नव्हती. मुलगी वयात आल्यावर रीतीप्रमाणे तिला नवऱ्याकडे सोपवायची वेळ आली तेव्हा डॉक्टर सखाराम अर्जुन आडवे आले. बारा-तेरा वर्षांच्या पोरीचं शरीर संसाराला आणि बाळंतपणाला तयार नसतं हे त्यांना डॉक्टर म्हणून पक्कं ठाऊक होतं, आणि घरातच जयंतीबाईंचं उदाहरण होतं. दादाजी पुढे मामाकडे राहायला गेला, क्षयानं आजारी पडला, कर्जबाजारी झाला. रखमा माहेरीच राहिली, घरच्या घरी पुस्तकं आणून शिकत राहिली. १८८४च्या मार्चमध्ये दादाजीनं वकिलामार्फत नोटीस धाडली, बायको नांदायला पाठवा म्हणून. रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं असं की खरा डोळा त्यांच्या नावावरच्या मालमत्तेवर होता.

खटल्याचं थोडक्यात सांगते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना पटलं नाही. अपील झालं, प्रकरण परत खाली आलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला: महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करली. देशभर गदारोळ झाला. टिळकांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्या विरोधात, तर बेहरामजी मलबारींसारखे सुधारक बाजूनं. त्याआधी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘हिंदू स्त्री’ अशा टोपण नावानं बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रं आली होती, ती रखमाबाईंचीच. शेवटी तुरुंगवास काही झाला नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला आणि दुसरं लग्न केलं. या सगळ्या धुमाळीत, एप्रिल १८८५ मध्येच, सखाराम अर्जुन वारले होते. म्हणजे निकालांच्या वेळी पाठीशी उभा राहणारा बापही नव्हता.

पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. त्याला रखमाबाईंच्या खटल्याची पार्श्वभूमी होती आणि कलकत्त्याच्या फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचीही. १८९० साली नवऱ्याच्या जबरदस्तीनंतर ती रक्तस्रावानं दगावली. बालविवाह हा तेव्हा धर्माचा नि समाजाचा प्रश्न म्हणून गाजला. पण खरं तर तो आधी मुलींच्या जिवाचा प्रश्न होता, आणि तो तसा पाहणारी माणसं होती ती मुख्यतः डॉक्टर.

अशाच एक डॉक्टर होत्या एडिथ पेची. या इंग्रज बाईंची ओळख करून घ्यायलाच हवी. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकासाठी भांडून प्रवेश मिळवणाऱ्या सात बायकांपैकी त्या एक. १८८३च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. त्या वेळी मुंबईत काही शेठ मंडळींनी आणि सुधारकांनी पैसे उभे करून बायकांसाठी बायकांनीच चालवायचं इस्पितळ काढायचं ठरवलं होतं. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी मोठी देणगी दिली आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं. तिथल्या प्रमुख डॉक्टर पेचीबाई. खटल्याच्या काळात त्या रखमाबाईंच्या मागे उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा डॉक्टर हो, असा मार्ग दाखवणाऱ्याही त्याच.

बायकांचं वेगळं इस्पितळ कशाला, असं आज वाटेल. पण तेव्हाची परिस्थिती पाहा. घरंदाज बाई परक्या पुरुषाला चेहरा दाखवत नव्हती, मग डॉक्टरला दुखणं दाखवणं दूरच. पडद्याआडून हात पुढे करायचा, डॉक्टरनं नाडी पाहायची. बाकी लक्षणं नवरा नाही तर सासू सांगणार. ज्या दुखण्याबद्दल बाई सासूशीच बोलू शकत नाही ते डॉक्टरपर्यंत पोचणार कसं? गरीब कष्टकरी बाई पडदा पाळत नव्हती, पण तिला दवाखाना गाठायला रोज बुडवावा लागे. म्हणजे कुणाला लाज आडवी, कुणाला अंतर आणि पैसा आडवा. दुखणं अंगावर काढायचं ही सवय आपल्या हाडीमाशी रुजली ती काही उगीच नाही.

आज ज्यांना आपण मुंबईची उपनगरं म्हणतो त्यांचं उदाहरण घ्या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातली गावं होती. भातखाचरं, मिठागरं, ताडामाडाची झाडं, कोळी-आगरी-ख्रिस्ती वस्त्या आणि डोंगराकडेला वारल्यांचे पाडे. घाटकोपर-मुलुंडवरून ठाण्याला जाणारी आगगाडी १८५३ पासूनची, तर बोरिवली-अंधेरीवरून मुंबईत जाणारी लोकल १८६७ मध्ये सुरू झाली, तीही सुरुवातीला दिवसाला एकच. कामा हॉस्पिटल बोरिवलीपासून तीसेक किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं जवळच. पण रात्री अडलेल्या बाईला गाडी कुठली? आणि गाडी असली तरी बाळंतपणाला आगगाडीत बसवून शहरात नेणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग होती ती सुईण. सुईणींना नावं ठेवायची पद्धत आहे, मला ती आवडत नाही. रात्री-अपरात्री धावून येणारी, दोन पायल्या धान्यावर किंवा एका लुगड्यावर राबणारी ती एकटीच होती. हाताला कसब होतं, मायाही होती. पण जंतू म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नाळ कापायला विळा, कोयता, कधी बांबूची धारदार कामटी. त्या हत्यारातून बाळाला धनुर्वात व्हायचा आणि साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी मूल आखडून जायचं. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई पूजतात, त्या दिवसांची धास्ती घेतात. धनुर्वाताचे दिवसही तेच, हे पाहिलं की त्या पूजेमागची भीती किती खरी होती ते कळतं. इकडे बाळंतिणीला अंधाऱ्या, बंद, शेगडीच्या धुरानं कोंदलेल्या खोलीत ठेवायचं. न धुतलेल्या हातांनी तपासणी झालेली असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढायचा, आणि त्या तापातून फार थोड्या उठायच्या. हात स्वच्छ धुणं, हत्यारं उकळणं, जंतुनाशक वापरणं एवढ्यानं यातले कितीतरी मृत्यू टळतात हे युरोपातल्या डॉक्टरांनाही कळून फार वर्षं झाली नव्हती. तिकडेही आधी त्याची टिंगलच झाली होती.

हे नवं शास्त्र शिकायला रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला निघाल्या. पैसा कुठून आला? खटल्यामुळे नाव इंग्लंडपर्यंत पोचलं होतं, तिथे त्यांच्या मदतीसाठी समितीही झाली. इव्हा आणि वॉल्टर मॅक्लारेन हे दांपत्य त्यात पुढे होतं, त्यांनी रखमाबाईंना आपल्या घरी ठेवून घेतलं. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीही पाचशे रुपये दिले. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी नाव घातलं. ही शाळाही बायकांनीच १८७४ मध्ये काढलेली, कारण पुरुषांच्या कॉलेजात घेत नव्हते. प्रत्यक्ष रोगी पाहण्याचं शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये, कारण विद्यार्थिनींना दार उघडणारं लंडनमधलं ते पहिलं मोठं इस्पितळ. परवान्याच्या परीक्षा त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय मंडळांकडून दिल्या आणि १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. जेमतेम घरच्या अभ्यासावर निघालेली मुलगी पाच वर्षांत परक्या देशात, परक्या भाषेत, बर्फात आणि धुक्यात हे करून दाखवते. आनंदीबाई जोशी आठ वर्षं आधी, १८८६ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टर झाल्या होत्या, पण पुढच्याच वर्षी, एकवीस वर्षांच्या असताना क्षयानं गेल्या. त्यांना एकही दवाखाना चालवायला मिळाला नाही. रखमाबाईंना आयुष्य मिळालं आणि त्यांनी ते सगळं कामाला लावलं.

परत आल्यावर थोडे दिवस कामा हॉस्पिटलमध्ये काम करून १८९५ साली त्या सुरतेच्या माळवी इस्पितळात रुजू झाल्या. मुंबई सोडून गुजरातेत का गेल्या याचं मला नवल वाटत नाही. मुंबईत त्या कायम खटल्यातली रखमाबाई राहिल्या असत्या. सुरतेत त्या डॉक्टरीणबाई झाल्या.

झाल्या म्हणजे लगेच नाही बरं का. इस्पितळ होतं, खाटा होत्या, विलायतेत शिकलेली बाई डॉक्टर होती. बायकाच येत नव्हत्या! इस्पितळात जायचं ते मरायला, अशीच समजूत होती. तिथे जात-पात कोण पाळणार, कुणाच्या हातचं पाणी प्यावं लागेल, बाळंतपणाचा विटाळ कोण सांभाळणार, शिवाय लोक काय म्हणतील. रखमाबाईंबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. बाळंतपणाला कुणीच येत नाही म्हटल्यावर त्यांनी एका गाभण शेळीला इस्पितळात आणलं आणि तिथे तिची सुखरूप सुटका केली. शेळी आणि करडू दोन्ही धडधाकट बाहेर आलेली पाहून बायांना धीर आला म्हणे. गोष्ट थोडी फुलवलेली असेल. पण भाषण देऊन बाई दवाखान्यात येत नाही, कुणाचं तरी नीट झालेलं डोळ्यांनी पाहिल्यावर येते, हे ज्यांनी गावात काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आज आशाताई दारोदार फिरतात तेव्हा त्या दुसरं काय करतात?

रखमाबाईंना आणखी एक अडचण होती. विलायतेला जाऊन आलेली, नवऱ्याला सोडलेली बाई! तिच्या हाती सून सोपवायची तर घरच्यांना धडकी भरायचीच. त्यांनी यावर वाद घातला नाही. साधी राहणी ठेवली, नऊवारी सोडली नाही आणि काम करत राहिल्या.

त्या सुरतेत गेल्यावर वर्षाभरातच प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. शहरातून माणसं जीव घेऊन पळाली आणि प्लेग त्यांच्या मागोमाग साष्टीच्या गावांत, वांद्र्यात, पुढे गुजरातेतही गेला. वांद्र्याला त्या काळातले प्लेगचे क्रूस अजून उभे आहेत. सरकारनं आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंना खाली उतरवून काखेत नि जांघेत गाठी तपासायला सुरुवात केली. परक्या पुरुषांनी बायकांना असं हात लावायचा म्हणजे केवढा हलकल्लोळ! पुण्यात तर जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला, त्यामागे हाच संताप होता. सरकारला तेव्हा कळलं की बाई डॉक्टर ही चैन नाही. ती नसेल तर लोक रोगी लपवतात, घरातल्या घरात मरू देतात आणि साथ पसरते. सुरतेतही प्लेग पोचला. रखमाबाई पळाल्या नाहीत, रोग्यांजवळ थांबल्या. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला, गुजरातेत छप्पनियो म्हणून ज्याची अजून आठवण काढतात तो. या कामाबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिलं. सरकारी पदकांचं आपल्याला आज फारसं कौतुक नसतं, पण हे पदक त्यांनी खरोखर राबून मिळवलेलं होतं.

आता एक अशी गोष्ट जी अनेकींना खटकते. १९०४ साली दादाजी वारला. ज्याच्याशी एक दिवस संसार केला नाही, ज्याच्याविरुद्ध चार वर्षं कोर्टात उभ्या राहिल्या, त्याच्यासाठी रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तेच नेसल्या. का? ज्यांनी त्यांना बंडखोर म्हणून डोक्यावर घेतलं त्यांना हे रुचत नाही. कुणी म्हणतं संस्कार, कुणी म्हणतं समाजाची भीती. मला वाटतं, त्यांच्या इस्पितळाच्या दाराकडे बघून याचं उत्तर शोधावं. सुरतेच्या बायका त्यांच्याकडे लेकी-सुना घेऊन यायच्या ते विश्वासावर. नवऱ्याला सोडलेल्या बाईपेक्षा पांढऱ्या लुगड्यातल्या विधवेवर विश्वास टाकणं त्यांना सोपं जात असणार. हा माझा तर्क. पण या बाईनं आयुष्यात कुठलीच गोष्ट दुसऱ्याच्या धाकानं केली नव्हती, मग हीच कशी करेल?

बावीस वर्षं सुरतेत काढल्यावर १९१७च्या सुमाराला त्या राजकोटला गेल्या, तिथल्या जनाना इस्पितळाच्या प्रमुख म्हणून. सरकारनं बायकांसाठी नवी वैद्यकीय सेवा काढली होती, तीत येण्याचं बोलावणं होतं. त्यांनी ते नाकारलं आणि संस्थानातलं काम पत्करलं. काठेवाडात पडदा सुरतेहून कडक. बारा-पंधरा वर्षं त्यांनी तिथे जे पाहिलं त्यातून १९२९ साली पडद्यावर एक लेख लिहिला आणि पडदा गेलाच पाहिजे असं ठाम सांगितलं. तोवर त्या पासष्टीच्या घरात होत्या. म्हणजे वीस-एकवीसच्या वयात टोपण नावानं लिहिणारी मुलगी आता स्वतःच्या नावानं लिहीत होती.

पडदा आणि आरोग्य यांचा काय संबंध, असं वाटेल. फार मोठा संबंध आहे. बंद घरात ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे क्षय. ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्व नाही. हाडं मऊ पडून कमरेचा सांगाडा दबायचा आणि मग मूल अडायचं. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली नेमकं हेच मांडलं. पडद्यातल्या सुखवस्तू बायका बाळंतपणात अडून मरत, तर उन्हात राबणाऱ्या बायांची हाडं त्या मानानं भक्कम असत. आज आपल्याकडे पडदा राहिला नाही, पण तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघाल्याचं किती जणी सांगतात, आठवून पाहा.

१९२९-३०च्या सुमाराला निवृत्त होऊन रखमाबाई मुंबईला परतल्या. सुरतेहून येणारी गाडी बोरिवली, अंधेरीवरूनच मुंबईत शिरते. १८९५ साली जाताना खिडकीतून दिसलेली खेडी आता बदलू लागली होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला होता, लोक चाळी सोडून पार्ले-अंधेरीला, घाटकोपर-मुलुंडला बंगल्या-ब्लॉकांत राहायला येऊ लागले होते. वस्ती आधी आली, दवाखाने मागून. आपल्याकडे हा क्रम नेहमीचाच. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली. बोरिवली आणि मुलुंड शहरात यायला १९५७ उजाडलं. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, बोरिवलीचं भगवती ही महापालिकेची रुग्णालयं उपनगरातल्या बायकांना पुढे घरची वाटू लागली, पण त्याआधीच्या पिढ्यांनी अडल्या वेळी एक तर सुईण गाठली, नाही तर गाडी पकडून शहर गाठलं.

मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. लग्नाला मुलीचं वय किमान पंधरा हवं, मुलाचं अठरा हवं असं ठरलं आणि हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट मागता येऊ लागला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई मुंबईत वारल्या. वय नव्वद पूर्ण. ज्या कायद्यासाठी त्या सत्तर वर्षांपूर्वी कोर्टात उभ्या होत्या तो त्यांनी जिवंतपणी पाहिला. गंमत अशी, की ज्या कलमाखाली दादाजीनं त्यांना खेचलं, नांदायला पाठवण्याचं ते कलम या कायद्यातही तसंच राहिलं.

आणि दवाखान्याचं काय? २०१८-२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. रखमाबाईंच्या काळातल्या कुठल्याही डॉक्टरला हा आकडा खोटा वाटला असता. पण सरासरीत झाकलं जाणारं बरंच असतं. नंदुरबारच्या डोंगरात, मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर अडलेल्या बाईला अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, १०८ची गाडी तिथवर पोचत नाही म्हणून. फार लांब कशाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या आदिवासी पाड्यांवरून मुंबईच्या उंच इमारतींचे दिवे दिसतात, पण दवाखान्यासाठी आधी चालतच रस्ता गाठायला लागतो. आणि जिथे ग्रामीण रुग्णालय आहे, रस्ताही आहे, तिथे केसपेपरच्या खिडकीपाशी उभी असलेली बाई डोक्यावरचा पदर सारखा करत, हळू आवाजात आधी एवढंच विचारून घेते, की आत डॉक्टर बाई आहेत ना.